पहिल्यांदा लसूण लावताना: बेणं, तारीख आणि शेवटचा महिना

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भुसावळजवळ पाच-सहा घरांनी मिळून एक शेत भाड्याने घेतलंय, प्रत्येकाच्या वाट्याला एकेक गुंठा आलाय. जमीन काळी, पाणी बोअरचं. तुम्हाला त्यात यंदा लसूण लावायचाय, पण शेजारच्या वाट्यातल्या भाऊंनी गेल्या वर्षी लावला तेव्हा पात गुडघ्याला लागली आणि उपटल्यावर खाली गड्डी निघाली बोराएवढी. म्हणून मन धजत नाही, आणि बेण्यापासून साठवणीपर्यंत सगळं पहिल्यापासून विचारलंय.

मी चोपडा तालुक्यात तापीच्या उत्तरेला शेती करतो. पंचवीसेक वर्षं घरापुरता आणि थोडा विकण्यापुरता लसूण लावतोय. तुम्ही एक फार कामाची गोष्ट लिहिलीत: भाऊंनी लावण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केली आणि गड्डी भरावी म्हणून फेब्रुवारीत दोनदा युरिया टाकला. त्यांचं पीक तिथेच गेलं. लसूण बिघडतो तो बेण्यात, तारखेत आणि शेवटच्या महिन्यात. मधले दोन-अडीच महिने त्याचं तो वाढतो, आपण फक्त तण आणि पाणी सांभाळायचं.

तारखेचं आधी सांगतो, कारण एकदा चुकली की ती दुरुस्त होत नाही. लसूण आधी पानं करतो, गड्डा नंतर भरतो. थंडी मिळाली, मग दिवस मोठा व्हायला लागला आणि ऊन तापायला लागलं, की तो नवी पानं काढायचं थांबवतो आणि पानांत साठलेलं सगळं खाली उतरवतो. आपल्याकडे खरी थंडी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे जेमतेम अडीच महिने. तेवढ्यात झाडाने जितकी पानं केली तितकाच गड्डा. डिसेंबरात लावलेल्या झाडाची चार-पाच पानं होतात न होतात तोच ऊन वाढतं आणि ते घाईने गड्डा धरतं. मग वरून काहीही टाका, गड्डी लहानच राहते. उलट सप्टेंबरात फार लवकर लावला तर ऑक्टोबरच्या उकाड्यात पाकळ्या सडतात आणि वाफ्यात जागोजागी खाडे पडतात. खानदेशात मी १५ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर हे दिवस धरतो. दसरा-दिवाळीवर हिशोब लावू नका, सण पुढेमागे सरकतात. तारीख लिहून ठेवा.

आता बेणं. लसणाला बी धरत नाही, पाकळीच लावायची. त्यामुळे आईचा गुण आणि आईचा रोग दोन्ही पुढच्या पिकात उतरतात. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी बाजारातून पांढरेशुभ्र, मुठीएवढे गड्डे आणले होते. एकेका गड्ड्यात दहा-बारा जाड पाकळ्या. बघून हरखलो आणि पाच वाफे लावले. मार्च आला, गहू काढायला झाला, तरी लसूण हिरवागार उभा! उपटून बघितला तर खाली नुसता जाड दांडा, कांद्याच्या पातीसारखा. तो डोंगराळ, थंड मुलखातला लसूण होता. त्याला जास्त थंडी आणि आपल्यापेक्षा मोठा दिवस लागतो. काश्मीर-हिमाचलचा असो की ऊटीचा, तो प्रकार आपल्या सपाटीवर गड्डा धरत नाही. विकणाऱ्याला ते माहीत नसावं, मलाही नव्हतं. पण वर्ष गेलं ते गेलंच.

म्हणून बेण्यासाठी एक तर तुमच्या भागात कोणाच्या शेतात दोन-तीन वर्षं पिकलेला गावरान लसूण घ्या, जांभळट सालीचा, बारीक पण तिखट. किंवा मैदानी भागासाठी काढलेल्या जातींपैकी एखादी मिळवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता, फुले नीलिमा. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा ओंकार आणि भीमा पर्पल. किंवा यमुना सफेद. ओंकार पांढरा आणि पर्पल जांभळा, दोन्ही साधारण १२० ते १३५ दिवसांत येतात. गोदावरीला आणखी आठ-दहा दिवस लागतात. जळगावजवळ ममुराबादला आणि रावेर तालुक्यात पालला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. तिथे सप्टेंबरातच चौकशी करा, ऐन लावणीच्या वेळी बेणं हाती लागत नाही.

बेणं गेल्या मार्चमधलं, हवेशीर टांगलेलं असावं. नुकत्याच काढलेल्या लसणाला दोन-अडीच महिने झोप असते, तो उगवत नाही. फ्रीजमधला तर बेण्याला मुळीच वापरू नका. फार थंडीत राहिलेल्या पाकळीची झाडं घाईत गड्डा धरतात आणि बाजूने फुटवे काढतात, गड्डा वेडावाकडा होतो.

किती लागेल? पहिल्या वर्षी पूर्ण गुंठा लसणाला देऊ नका, पाव गुंठा पुरे. सव्वातीन फूट रुंद आणि सोळा फूट लांब, असे चार वाफे करा, मध्ये एकेक फुटाची वाट. ते साधारण २० चौरस मीटर होतात. दोन ओळींत १५ सेंटीमीटर आणि दोन पाकळ्यांत १० सेंटीमीटर धरलं, तर एका वाफ्यात सव्वातीनशेच्या आसपास, चार वाफ्यांत तेराशे पाकळ्या बसतात. त्यासाठी चार किलो गड्डे आणा. सगळ्या पाकळ्या लावायच्या नाहीत, हे मुद्दाम सांगतो.

निवडायचं काम आमच्या घरी आई करायची. लावणीच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावर गोणपाट पसरायचं आणि तळहातावर गड्डा घेऊन अंगठ्याने तो उकलायचा, सोलायचा नाही. पाकळीवरचं पातळ कागदासारखं साल आणि बुडाचा चपटा भाग, जिथून मुळं फुटतात, दोन्ही शाबूत राहिली पाहिजेत. बाहेरच्या फेरीतल्या जाड पाकळ्या एका सुपात, आतल्या बारीक दुसऱ्यात. जिला दाबल्यावर बोट आत रुततं किंवा जिच्यावर काळी-निळी बुरशी दिसते ती तिसरीकडे, उकिरड्यावर. दीड ग्रॅमच्या वरची पाकळी बेण्याची. काटा नसला तरी शेंगदाण्याच्या दोन दाण्यांहून जी भारी वाटते ती घ्या. मोठ्या पाकळीतून मोठं झाड आणि मोठा गड्डा. इतका सरळ हिशोब दुसऱ्या पिकात क्वचितच दिसतो, तरी लोक मोठी पाकळी फोडणीत टाकतात आणि बारीक जमिनीत. बारीक पाकळ्या वाया जात नाहीत, त्यांचं पुढे सांगतो. निवडलेल्या पाकळ्यांना किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणाऱ्या मित्रबुरशीची भुकटी) थोड्या पाण्याच्या हाताने चोळा आणि सावलीत सुकवा.

तुमच्या काळ्या जमिनीबद्दल. कसदार आहे, वाईट नाही, पण तिला दोन खोडी आहेत. पाणी जास्त झालं की धरून ठेवते आणि सुकली की भेगाळते. लसणाची मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात. भेग पडली की ती तुटतात, पाणी साचलं की कुजतात. म्हणून तुम्ही सपाट सारे करू नका, अर्धा फूट उंचीचे गादीवाफे करा. हलक्या, गाळाच्या जमिनीत सपाट वाफेही चालतात. जागा दिवसभर उन्हाची हवी. बांधावरच्या निंबाची सावली दुपारी वाफ्यावर येत असेल तर तिथे मेथी-पालक लावा, लसूण नको. गेल्या हंगामात कांदा किंवा लसूण असलेली जागा टाळा, मूग-उडीद निघालेली जागा मिळाली तर उत्तम. लव्हाळा असलेला तुकडाही सोडून द्या. लव्हाळ्याची गाठ काढायला खुरपं खाली गेलं की लसणाची मुळं वर येतात.

शेणखत चांगलं कुजलेलं, हाताला भुसभुशीत लागणारं, ज्याला शेणाचा वास राहिलेला नाही असं. चार वाफ्यांना मिळून तीन-चार घमेली. ओलं शेण टाकलं की हुमणी आणि वाळवीला आमंत्रण. रासायनिक खत वापरणार असाल तर हेक्टरी १००:५०:५० किलो (नत्र, स्फुरद, पालाश; युरियातून मिळतं ते नत्र) चा हिशोब या चार वाफ्यांना असा बसतो: लावणीआधी मातीत सिंगल सुपर फॉस्फेट सव्वासहाशे ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश १७० ग्रॅम आणि युरिया सव्वादोनशे ग्रॅम. उरलेला युरिया, तोही सव्वादोनशेच्या आसपास, अर्धा ३० दिवसांनी आणि अर्धा ४५ दिवसांनी. सुपर फॉस्फेटच घ्या, डीएपी नको. सुपरमध्ये गंधक असतं आणि लसणाचा तिखटपणा, वास सगळा गंधकाचा.

४५ दिवसांनंतर युरियाची पिशवी घरी ठेवून द्या. शेवटची मात्रा डिसेंबरच्या मध्याला पडली की नत्राचा विषय संपला. जानेवारी-फेब्रुवारीत लसूण पिवळट दिसला की हात शिवशिवतो, माझाही शिवशिवायचा. पण गड्डा भरायच्या वेळी नत्र मिळालं की झाड पुन्हा पानं काढायला लागतं. पाकळ्या गड्ड्यातच कोंब धरतात, दांड्याच्या बगलेतून बारीक पात फुटते, मान जाड राहते. असा लसूण दिसतो हिरवागार आणि टिकतो महिनाभर. भाऊंच्या वाफ्यात हेच झालं: आधी उशीर, त्यावर युरिया.

लावणी सोपी आहे, पण बसून करावी लागते. वाफा आदल्या दिवशी हलका ओलवा, म्हणजे माती वापशावर येते, ना चिखल ना कोरडी. दोरी धरून सहा-सहा इंचांवर रेघा मारा. पाकळी चिमटीत धरायची, चपटं बूड खाली आणि टोक वर, आणि दोन-तीन सेंटीमीटर खोल टोचायची. बोटाचं एक पेर आत गेलं की बस. दोन पाकळ्यांत आपल्या मुठीएवढं अंतर. पाकळी उलटी पडली तरी उगवते, पण कोंब वळसा घेऊन वर येतो आणि गड्डा वाकडा होतो. वरून मऊ माती सारा, हाताने दाबू नका. लगेच झारीने किंवा संथ धारेने पाणी द्या. पाट जोरात सोडला तर पाकळ्या उघड्या पडतात आणि एका कोपऱ्यात गोळा होतात. तिसऱ्या दिवशी आंबवणीचं हलकं पाणी. सात-आठ दिवसांत हिरवी सुई वर दिसायला लागते. पंधराव्या दिवशी खाडे मोजा आणि राखून ठेवलेल्या पाकळ्यांनी भरून घ्या.

नंतरचं पाणी आठ ते दहा दिवसांनी. तारखेपेक्षा माती बघा: दोन इंच खाली बोट घालून ओल लागत असेल तर एक दिवस थांबा, पण भेग पडेपर्यंत थांबू नका. केळीवाल्या कोणाकडून जुन्या ठिबकच्या नळ्या मिळाल्या तर एका वाफ्याला दोन नळ्या टाका, काळ्या जमिनीत फार सोय होते. बोअरचं पाणी मात्र एकदा तपासून घ्या. तापी-पूर्णेच्या पट्ट्यात काही ठिकाणी पाणी खारं आहे आणि लसणाला क्षार सोसत नाहीत. पानांची टोकं वाळत जाणं, वाफ्यावर पांढरा पापुद्रा धरणं, ही त्याची खूण.

निंदणी तीन आठवड्यांनी एक आणि दीड महिन्याने दुसरी. लसणाची पात अरुंद, ती तणावर सावली धरत नाही, त्यामुळे तण माजलं की लसूण दबतो. गड्डा धरायला लागल्यावर खुरपं लावू नका, उरलंसुरलं हाताने उपटा.

किडींत खरा त्रास फुलकिड्यांचा. डिसेंबरनंतर पानांवर चंदेरी-पांढरट ठिपके आणि ओरखडे दिसले की वाफ्याशी उकिडवं बसा आणि मधली दोन पानं जिथे एकमेकांतून निघतात ती बेचकी अंगठ्याने अलगद फाकवा. आत खसखशीहून बारीक, लांबट, पिवळसर किडे पळताना दिसतील. वरून कितीही बघितलं तरी दिसत नाहीत, ते तिथेच दडून रस शोषतात. निळे चिकट सापळे लावा, प्रत्येक वाफ्याला एक. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, त्यात जरासं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. साबण विसरू नका, लसणाच्या पानावर मेणासारखा थर असतो आणि नुसतं पाणी ओघळून जातं. धार बेचकीत गेली पाहिजे. आठवड्याने पुन्हा. जानेवारी-फेब्रुवारीत आभाळ आलं, अवकाळी शिंतडला, की करपा येतो: पानावर आधी पांढरट, मग जांभळट लांबट डाग. रोगट पानं काढून लांब पुरा. वाढतच असेल तर मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम, आणि त्यानंतर ती पात खायला तोडायची नाही.

पातीचं निघालंच आहे तर सांगतो. डिसेंबर-जानेवारी म्हणजे भरिताचे दिवस. काड्यांवर वांगी भाजली जातात, बडजीने कुटली जातात, आणि कोणीतरी म्हणतं, जा गं, दोन-चार लसणाच्या पाती तोडून आण. तुमच्या वाट्यात पाहुणे आले की हे होणारच. पण ज्या झाडाचा गड्डा हवा त्याचं एकही पान तोडू नका. पानात तयार झालेलं अन्नच खाली उतरतं, शिवाय गड्ड्यावरचे ते पांढरे कागद म्हणजे याच पानांची बुडं असतात. पान गेलं की गड्डा लहान आणि वरचं आवरणही उघडं. यासाठीच त्या बारीक पाकळ्या राखायला सांगितल्या. वाफ्याच्या कडेला किंवा घरी जुन्या पाटीत त्या दाट, दोन-दोन बोटांवर टोचा. महिन्या-दीड महिन्यात पात तयार, दोन-तीनदा कापता येते. भरीत तिचं करा.

आता शेवटचा महिना. ऑक्टोबरच्या अखेरीस लावलेला लसूण फेब्रुवारीच्या शेवटी ते मार्चच्या मध्यात येतो. खालची पानं पिवळी पडतात, टोकं वाळतात, मान मऊ होते आणि झाडं आडवी व्हायला लागतात. निम्मी झाडं माना टाकतील तेव्हा काढणी. पाणी मात्र त्याच्या पंधरा दिवस आधीच तोडायचं. पात पिवळी दिसते म्हणून जीव कळवळतो आणि माणूस शेवटचं एक पाणी देतो, त्यातच गड्डे फुटतात आणि साली काळ्या पडतात. तारखेबद्दल शंका असेल तर वाफ्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून तीन झाडं उकरा आणि एक गड्डा आडवा कापा. पाकळ्या वेगवेगळ्या, गच्च आणि बाहेरचे तीन-चार कागद शाबूत असतील तर वेळ झाली. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, कागद जाड आणि रसरशीत असतील तर आठवडाभर थांबा. फार थांबलात तर कागद मातीत कुजतात आणि पाकळ्या सुट्या होतात.

काळी जमीन सुकली की दगडासारखी होते, तेव्हा पात धरून ओढू नका, मान तुटून हातात येते. कुदळीने बाजूने माती सैल करा, मग उचला. माती हाताने झटका, आपटू नका, धुऊ तर मुळीच नका. आपल्या मार्चच्या उन्हात उघडे गड्डे भाजून निघतात, म्हणून वाफ्यातच असे पसरा की एका ओळीची पात मागच्या ओळीच्या गड्ड्यांवर येईल. दोन-तीन दिवस तसे ठेवा. मग वीस-पंचवीस झाडांच्या जुड्या बांधून सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी दहा-पंधरा दिवस टांगा. चुलीच्या वर आढ्याला टांगलेला लसूण पूर्वी आषाढापर्यंत धुरात टिकायचा. आता चुली कमी झाल्या, तर जिन्याखालची किंवा पडवीतली वाऱ्याची जागा चालते. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा बंद डब्यात ठेवू नका. पावसाळ्यात दर पंधरवड्याला जुड्या हलवून, पोकळ लागलेले गड्डे काढून टाका.

चार वाफ्यांतून पहिल्या वर्षी १२ ते १५ किलो सुकलेला लसूण निघाला तर तुम्ही चांगलं केलंत असं समजा. हात बसल्यावर २० किलोपर्यंत जाता येतं. आणि जुड्या बांधायच्या आधीच, घरात कोणी लसूण सोलायला घेण्याआधी, त्यातले सगळ्यांत भरीव, गोल, निरोगी झाडाचे सव्वाशे-दीडशे गड्डे वेगळे काढा, साधारण साडेतीन किलो. त्यांची जुडी लाल चिंधीने बांधा आणि सगळ्यांत वरच्या खुंटीला टांगा. पुढच्या ऑक्टोबरचं बेणं ते.